रात्रपाळीच्या डॉक्टरसाठी एक पान

दुर्मीळ आजाराची बातमी होते ती बहुतेक वेळा पैशांमुळे. सोळा कोटींचे इंजेक्शन, लोकवर्गणी, हवालदिल आईबापांचे आवाहन. सरकारी धोरणाचा भरही त्याच बाजूला आहे. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले, निवडक रुग्णालयांना उत्कृष्टता केंद्रांचा दर्जा दिला, त्यांत मुंबईचे केईएम आले. पुढच्या वर्षी एका रुग्णामागची मदत ५० लाख रुपयांपर्यंत वाढवली. हे सगळे हवेच होते, आणि फार उशिरा झाले. पण आजार काही स्पेशल ओपीडीचा वार पाहून उसळत नाही. तो रात्री दोन वाजता घरी उसळतो, आणि घर डहाणू तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर असेल तर पहिले दार केईएमचे नसते, कासाच्या उपजिल्हा रुग्णालयाचे असते. अशा माणसाचे पुढे काय होणार हे अनेकदा पहिल्या तीन-चार तासांत ठरते. ते तास जवळच्या रुग्णालयाच्या हातात असतात, आणि नेमक्या त्याच तासांची तयारी आपण कुणावरच सोपवलेली नाही. ती तयारी महाग नाही. एका पानाची आहे, आणि ते पान लिहिण्याची जबाबदारी मोठ्या रुग्णालयाची आहे, असे माझे म्हणणे आहे.

कासा हे मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे, चारोटी नाक्याजवळचे गाव. डहाणू रोड स्टेशन इथून साधारण पंचवीस किलोमीटरवर, आणि तिथून चर्चगेट १२४ किलोमीटर. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल येते, हा मोठाच आधार. पण पहाटे निघून, दादरला उतरून, परळला केईएमच्या केस पेपरच्या रांगेत उभे राहायचे म्हणजे दोन माणसांची दिवसाची मजुरी बुडते. दुसऱ्या बाजूला सिल्वासा, वापी, वलसाड. सीमेवरच्या लोकांना मुंबईपेक्षा ही गावे जवळची, त्यामुळे शेजारच्या तलासरी तालुक्याच्या घराघरांतून मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतली कागदपत्रे एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत सापडावीत यात नवल नाही. या भूगोलात जवळच्या रुग्णालयाला पर्याय नसतो, आणि तो पैसेवाल्यांनाही नसतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री प्रवास करत असलेल्या मोटारीला अपघात झाला, तेव्हा मृतदेह कासाच्याच सरकारी रुग्णालयात आणावे लागले आणि जखमींना आधी वापीला न्यावे लागले. मुंबईची उत्तमोत्तम रुग्णालये ज्यांना कोणत्याही क्षणी खुली असतात, त्यांच्यासाठीही तातडीच्या वेळी मुंबई लांबच होती.

आता आकड्यांकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत डहाणू तालुक्याची लोकसंख्या सुमारे चार लाख आणि तलासरीची सुमारे दीड लाख होती. ज्या आजाराचे प्रमाण दहा हजारांत एक आहे, त्याचे दोन्ही तालुक्यांत मिळून पन्नास-पंचावन्न रुग्ण असायला हवेत. रक्त न गोठण्याचा हिमोफिलिया ए साधारण पाच हजार पुरुषांमागे एकाला असतो. म्हणजे त्याचेही तितकेच. हा कागदावरचा हिशेब झाला, प्रत्यक्षात किती जणांचे निदान झालेले असेल ही वेगळी गोष्ट. पण असे आजार एक-दोन नाहीत, हजारो आहेत. एकेका आजाराचा रुग्ण डॉक्टरला क्वचित दिसतो, तरी कुठल्या ना कुठल्या अशा आजाराचा रुग्ण कॅज्युअल्टीत येणे तितके क्वचित नाही. आणि तिथे रात्री कोण असते? बहुधा एमबीबीएस होऊन नुकताच बाहेर पडलेला, बंधपत्राची एक वर्षाची सेवा करणारा तरुण डॉक्टर. त्याने हे आजार पुस्तकात वाचलेले असतात, परीक्षेत लिहिलेले असतात, क्वचितच हाताळलेले असतात. वर्ष संपले की तो पदव्युत्तर शिक्षणासाठी जातो आणि या गावातला हा मुलगा असा आहे, ही माहितीही त्याच्याबरोबर जाते. दोष त्या डॉक्टरला देण्यात अर्थ नाही. जी गोष्ट त्याच्या डोक्यात असण्याची शक्यता कमी आहे, ती रुग्णाच्या हातात असायला हवी.

या भागात याची कसोटी लागते ती सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा अशा समाजांच्या या पट्ट्यात सिकलसेलला दुर्मीळ म्हणणे खरे तर चूकच आहे. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक. मलेरियाच्या मुलुखात सिकलसेलचा बदललेला जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकला, कारण एकच जनुक असलेल्याला तो मलेरियाच्या जीवघेण्या रूपापासून काहीसे वाचवतो; दोन्ही जनुक मिळालेल्याच्या मात्र तो जिवावर उठतो. भारतात हा आजार प्रथम नोंदला गेला १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत. त्यानंतर राष्ट्रीय मोहीम यायला ७१ वर्षे लागली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून ती सुरू झाली. १७ राज्यांतल्या आदिवासी भागांत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा कार्यक्रम त्याआधीपासून चालू होता. म्हणजे सिकलसेलकडे कुणाचे लक्षच नाही, असे म्हणता येणार नाही. तरीही कॅज्युअल्टीत या रुग्णाची गत दुर्मीळ आजाराच्या रुग्णासारखीच होते, आणि तपासणी मोहिमेतून हाती येणारा कागद हे त्याचे एक कारण आहे.

तो कागद जवळून पाहण्यासारखा आहे. शिबिरात किंवा आश्रमशाळेत पहिली होते ती सोल्युबिलिटी टेस्ट. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर टेस्ट पॉझिटिव्ह. चाचणी स्वस्त आहे, झटपट आहे, पण ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. तो फरक कळतो इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या चाचणीत. घरात फक्त 'पॉझिटिव्ह' लिहिलेली चिठ्ठी राहिली, तर धडधाकट वाहक जन्मभर आजारी म्हणून वावरतो, आणि खरा रुग्ण 'आमच्याकडे सगळ्यांनाच आहे' या समजुतीत हरवतो. पुढची चाचणी झाली की कार्ड मिळते, वाहकाचे आणि रुग्णाचे वेगळे ओळखू यावे असे. पण या कार्डांचा मुख्य हेतू समुपदेशनाचा: लग्न जुळवताना दोघांची कार्डे पाहावीत, होणाऱ्या मुलांबद्दल अंदाज यावा. पुढच्या पिढीची काळजी त्यात आहे. आज तापाने फणफणलेल्या मुलाला पाहून डॉक्टरने आधी काय करायचे, हे त्यावर नसते.

आणि सिकलसेलमध्ये 'आधी काय' याला फार महत्त्व आहे. कोयत्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडांत असह्य कळा येतात; बाहेरून मात्र सूज नाही, जखम नाही, एक्स-रेत काही नाही. नवख्या डॉक्टरला वाटते, हा उगाच ओरडतो आहे, किंवा याला इंजेक्शनची सवय लागली आहे. मग हिमोग्लोबिनचा रिपोर्ट येतो: साडेसात. डॉक्टर दचकतो आणि रक्त चढवायची तयारी करतो. वास्तविक अनेक रुग्णांचे नेहमीचे हिमोग्लोबिन सात-आठच असते, आणि नुसत्या दुखण्यासाठी रक्त चढवायचे नसते. ते प्रमाणाबाहेर चढवले तर रक्त दाट होऊन धोकाच वाढतो. याउलट ज्याचे एरवी साडेआठ असते त्याचे साडेपाच झाले, मूल एकाएकी पांढरेफटक पडले, डाव्या कुशीत प्लीहा हाताला मोठी लागू लागली, तर तिथे एक तासही दवडून चालत नाही. दोन्ही निर्णय एका आकड्यावर अवलंबून आहेत: या माणसाचे नेहमीचे हिमोग्लोबिन किती? तो आकडा मोठ्या रुग्णालयाच्या फायलीत असतो. तापाचेही तसेच. लहान वयातच प्लीहा निकामी झालेल्या मुलाला साधा वाटणारा ताप काही तासांत रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग ठरू शकतो, म्हणून कारण शोधत न बसता अँटिबायोटिक सुरू करावे लागते. गोळी देऊन 'उद्या ओपीडीला या' म्हणणे हा इथे खरा धोका आहे.

श्रीमंत देशांत हे आपोआप होत असेल, असेही समजू नये. ब्रिटनमध्ये 'नाइस' या संस्थेची २०१२ पासूनची सूचना आहे, की सिकलसेलची कळ घेऊन आलेल्या रुग्णाला अर्ध्या तासात वेदनाशामक मिळाले पाहिजे. तरीही २०१९ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात भरती असलेल्या २१ वर्षांच्या सिकलसेलग्रस्त तरुणाने प्राणवायूसाठी खाटेवरून आपत्कालीन क्रमांकावर फोन केला होता, आणि तो वाचला नाही. दोन वर्षांनी तिथल्या संसदेच्या सर्वपक्षीय गटाने अहवाल काढला, त्याचे नावच 'कुणी ऐकत नाही' अशा अर्थाचे होते. नियम असणे आणि तो रात्रपाळीच्या माणसापर्यंत पोहोचणे यांत अंतर असते. ते तोडण्यासाठी फ्रान्समधल्या 'ऑर्फानेट' या माहितीसंस्थेने आजारवार आपत्कालीन सूचना तयार केल्या. रुग्णवाहिकेतल्या माणसांनी काय करायचे आणि रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात काय करायचे, हे त्यांत वेगवेगळे लिहिलेले असते. स्टेरॉइडवर अवलंबून असलेल्या रुग्णांसाठी ब्रिटनने २०२० मध्ये देशभर एकच आपत्कालीन कार्ड आणले. तज्ज्ञ आणि पैसा असलेल्या देशांनाही शेवटी खिशात मावणाऱ्या कागदाकडेच वळावे लागले.

यावर पहिला आक्षेप सहज सुचण्यासारखा आहे. पानावर लिहून काय होणार? छोट्या रुग्णालयात औषधेच नसतील तर? हा आक्षेप वाटतो तितका भक्कम नाही. आजार दुर्मीळ असला म्हणजे त्याच्या संकटात लागणारे औषधही दुर्मीळ असते असे नाही. जन्मजात अधिवृक्क ग्रंथीचा दोष असलेल्या मुलाला उलट्या-जुलाबांत वाचवते ते हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन, किंमत शंभर रुपयांच्या आत, दम्याच्या रुग्णांसाठी कपाटात असतेच. प्रथिने पचवण्यात जन्मजात बिघाड असलेल्या काही बाळांना आजारपणात पहिली गरज असते ग्लुकोजच्या सलाइनची. दुसरे असे, की बऱ्याच सूचना 'हे करू नका' अशा असतात आणि न करण्याला पैसे पडत नाहीत. हिमोफिलियाच्या रुग्णाला दंडात किंवा कमरेत सुई टोचायची नाही, अ‍ॅस्पिरिन किंवा डायक्लोफिनॅक द्यायचे नाही, पॅरासिटामॉल चालते. स्नायू दुबळे करणाऱ्या मायस्थेनियाच्या रुग्णाला जेंटामायसिन हे अँटिबायोटिक दिले तर श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. सिकलसेलच्या दुखऱ्या सांध्यावर बर्फ ठेवायचा नाही. हिमोफिलियात लागणारा, रक्त गोठवणारा फॅक्टर मात्र सगळीकडे नसतो, हे खरे. पण डोक्याला मार लागलेल्या अशा मुलाला फॅक्टर आधी आणि सीटी स्कॅन नंतर, हे पानावर असेल तर निदान रुग्णवाहिका कुठे धाडायची हे तरी चुकत नाही: जवळच्या स्कॅन सेंटरकडे की फॅक्टर असलेल्या रुग्णालयाकडे.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा, आणि तो अधिक गंभीर आहे. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून उपचार केले आणि बरेवाईट झाले तर जबाबदार कोण? त्यापेक्षा 'पुढे घेऊन जा' म्हणणे सुरक्षित. पाठवून देण्याची ही सवय केवळ कामचुकारपणातून आलेली नाही. मारहाणीच्या आणि खटल्यांच्या भीतीतून आली आहे, हे मान्य करायला हवे. पण कायदा याच्या उलट दिशेला उभा आहे. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जीव वाचवणे हे सरकारी वा खासगी प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे. १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले: तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला, आणि रुग्णाची प्रकृती स्थिर करण्याइतकी सोय प्राथमिक केंद्रातही असावी असे बजावले. शिवाय तज्ज्ञाच्या सहीचे, तारखेचे पान डॉक्टरला अडचणीत आणत नाही, ते त्याच्या बाजूचा पुरावा होते. पानावरच्या नंबरवर फोन करून विचारायलाही आडकाठी नाही. एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरचा दूरस्थ सल्ला घ्यावा, हे मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीत स्पष्टपणे बसते. रुग्ण पुढे पाठवायचाच असला, तरी पहिले इंजेक्शन देऊन, सलाइन लावून आणि पुढच्या रुग्णालयाला फोन करून पाठवणे, आणि नुसतेच १०८ मध्ये बसवून देणे, यांत रुग्णाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरा आक्षेप नव्या जमान्याचा. कागद कशाला, सगळे आता मोबाइलवर, आभा या आरोग्य ओळख क्रमांकावर येणार आहे. येवो बापडे. पण पावसाळ्यात वीज गेलेल्या पाड्यावरून निघालेल्या माणसाचा फोन चार्ज असेल, रेंज असेल, ओटीपी येईल आणि समोरच्या संगणकावर ती फाइल उघडेल, या साखळीतली एक कडी तुटली तरी सगळेच अडते. कागद भिजतो, हरवतो, हेही खरेच. म्हणून प्रती काढायच्या: एक घरी रेशनकार्डाजवळ, एक आशाताईकडे, मूल आश्रमशाळेत असेल तर एक तिथल्या अधीक्षकांकडे, आणि एक फोटो घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये. दिवाळीनंतर वीटभट्टीवर, वसई-भिवंडीकडे किंवा गुजरातेत बोटींवर कामाला जाणाऱ्या कुटुंबाने एक प्रत बरोबर न्यायलाच हवी. परक्या गावात तर घरच्या आशाताईची ओळखही उपयोगाची नसते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना या पानाचा काय उपयोग, असे विचारणारे विसरतात की पान घरच्यांनी वाचायचेच नाही, डॉक्टरने वाचायचे आहे. घरच्यांनी ते फक्त पुढे करायचे. आता हेही काही सोपे नाही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराकडे राबणाऱ्या लग्नगड्यांचा हा एकेकाळचा मुलूख. दुसऱ्याने लिहायचे आणि आपण अंगठा उठवायचा, एवढाच कागदाशी संबंध इथे पिढ्यान्‌पिढ्या आला. डॉक्टरसमोर कागद धरून 'आधी हे वाचा' म्हणणे इथल्या बाईमाणसाला सहज जमेल, अशी अपेक्षा करणेच चुकीचे. म्हणून बोलण्याचे काम पानानेच केले पाहिजे.

त्यासाठी ते आजच्या डिस्चार्ज कार्डासारखे असून चालणार नाही. त्यावर काय असते? घाईत लिहिलेली इंग्रजी आद्याक्षरे, औषधांची यादी, 'भरपूर पाणी प्या' आणि शेवटी 'एसओएस', म्हणजे गरज पडल्यास या. गरज म्हणजे नेमके काय, आणि कुठे यायचे, याचा पत्ता नाही. हव्या असलेल्या पानावर सर्वांत वर ठळक अक्षरांत आजाराचे पूर्ण नाव आणि ते कोणत्या चाचणीने पक्के झाले हे असावे. त्याखाली या रुग्णाचे नेहमीचे आकडे: हिमोग्लोबिन, ऑक्सिजन, वजन, रक्तगट. मग ताप आला, कळ आली, मार लागला, भूल द्यायची झाली, तर पहिल्या तासात काय करायचे आणि काय मुळीच करायचे नाही, वजनानुसार मात्रेसह. रोजची औषधे. सही, शिक्का, तारीख, आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन. डॉक्टरसाठी इंग्रजीत आणि मागच्या बाजूला घरच्यांसाठी मराठीत, चार ओळी. दर सहा महिन्यांनी नवे, कारण मुलाचे वजन वाढते आणि मात्रा बदलते.

हे लिहायला तज्ज्ञाला वेळ कुठे आहे, हा शेवटचा आक्षेप. ओपीडीतली गर्दी पाहिली तर त्याचे म्हणणे कुणालाही पटेल. पण हे पान प्रत्येक वेळी कोऱ्या कागदावर लिहायचे नाही. एकेका आजाराचा छापील नमुना एकदा बनवला, की रुग्णापुरते भरायचे ते पाच-सहा आकडे. ते निवासी डॉक्टर किंवा समुपदेशक भरू शकतो. केईएमच्या आवारातच राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर तिथे अनेक दशके काम चालू आहे. सिकलसेल आणि हिमोफिलियाचे नमुने बनवण्याइतके ज्ञान परळच्या त्या एका आवारातच आहे. मोठे रुग्णालय ज्या रुग्णाला घरी पाठवते, त्याची घराजवळच्या रुग्णालयाशी गाठ घालून देणे हा उपचाराचाच भाग मानला, तर हा वेळ जादा ठरत नाही. पन्नास लाखांच्या मदतीला पात्र ठरलेल्या मुलाच्या फायलीत हे एक पान नसणे, ही मला तरी हलगर्जी वाटते.

तोवर रुग्णाच्या घरच्यांनी वाट पाहत बसू नये. आपल्या उपचारांची कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत मिळावीत, असा वैद्यक परिषदेचा २००२ पासूनचा नियम आहे, तेव्हा ती मागण्यात संकोच कसला. घरात सिकलसेल, हिमोफिलिया, थॅलेसेमिया किंवा कोणताही अवघड नावाचा आजार असेल, तर पुढच्या ओपीडीला डॉक्टरांना इतकेच म्हणा: 'आमच्या गावच्या रात्रीच्या डॉक्टरसाठी एक पान लिहून द्या.' आणि ते मिळाले की दुखणे नसताना, एखाद्या दुपारी, कासाच्या किंवा तुमच्या जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन सिस्टरना आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवून या. त्याची एक प्रत तिथे ठेवा.